पांढऱ्या वाघाचा काढा

आपल्याकडे ‘उष्णता’ हा शब्द फार सोयीचा आहे. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. नाकातून रक्त आलं, लघवीला जळजळ झाली, रात्री झोप लागली नाही, सगळ्याला एकच उत्तर. मग सब्जा भिजवा, धन्याचं पाणी प्या, गुलकंद खा, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळा. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा यायचा. तिच्याकडून तो माझ्याकडे आला, आणि मीही तो आयुष्यभर बिनदिक्कत वापरला. एकदा मात्र तो वापरायला नको होता. त्याबद्दल शेवटी सांगेन. आधी थोडा इतिहास, कारण चौतीस वर्षं तोच विषय शिकवला आणि सवय जात नाही.

झालं असं, की मध्यंतरी एका शाळेने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर मुलांपुढे बोलायला बोलावलं. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच, बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यासह गेलेल्या पाच डॉक्टरांत आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. कोटणिसांची समाधी हपेई प्रांतातल्या शिजियाझुआंग या शहरात आहे. ते गाव कसं आहे म्हणून वाचायला बसलो, तर त्याच्या नावाशी सतत एका काढ्याचं नाव जोडलेलं दिसू लागलं. बाय हू तांग. म्हणजे पांढऱ्या वाघाचा काढा. अंगातली उष्णता काढणारा!

मला आजीच आठवली.

काढ्यात वाघाचं काही नाही, हे आधी सांगतो. चिनी कल्पनेत चार दिशांचे चार रक्षक प्राणी आहेत. पांढरा वाघ पश्चिमेचा, आणि पश्चिम म्हणजे शरद ऋतू. कडक उन्हाळ्यानंतर शरदाचा पहिला गार वारा सुटावा, तसा हा काढा तापलेल्या शरीरावर काम करतो, म्हणून ते नाव. आत जिन्नस फक्त चार : शिगाओ, झिमू, ज्येष्ठमध आणि तांदूळ.

यातले दोन तर आपल्या घरातलेच. तांदूळ अर्थातच, आणि ज्येष्ठमधही. चिनी ज्येष्ठमधाची जात थोडी वेगळी, पण भावंडच. झिमू ही उत्तर चीनमध्ये होणारी एक कंदवर्गी वनस्पती. तिच्यात मँजिफेरिन नावाचं द्रव्य सापडतं आणि तेच द्रव्य आपल्या आंब्याच्या पानांत आणि सालीतही असतं. त्याचं नावच मुळी आंब्याच्या लॅटिन नावावरून पडलं आहे.

राहिला शिगाओ. शिगाओ म्हणजे जिप्सम. हा दगड आहे! तो भाजला की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, ज्याच्या गणेशमूर्तींवरून दरवर्षी आपल्याकडे वाद होतात. त्यात पाणी घालून साच्यात ओतलं की पुन्हा जिप्समच तयार होतं, आणि आमच्या शाळांतला खडू बहुधा असाच साच्यातून निघालेला. म्हणजे ज्या पदार्थाने चौतीस वर्षं माझे हात आणि सदरे पांढरे केले, तोच चिनी वैद्य दोन हजार वर्षं तापावर उकळून पाजत आले आहेत. चिनी लोक सोयाबीनच्या दुधाचं टोफू विरजायलाही तोच वापरतात. आपल्या आयुर्वेदातही तो आहे, गोदंती या नावाने. ताप आणि डोकेदुखीवर गोदंती भस्म देतात. फरक एवढाच, की आपण भाजून भस्म करून देतो आणि चिनी वैद्य पोटात द्यायचा तो कच्चाच असावा म्हणतात.

हा काढा पहिल्यांदा लिहून ठेवला तो झांग झोंगजिंग यांनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत, हान साम्राज्य मोडकळीला आलं त्या काळात, ते होऊन गेले. मूळचे हनान प्रांतातल्या नानयांगचे. थंडी बाधून येणाऱ्या तापांवरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सांगतात, की आमच्या कुळात दोनशेहून अधिक माणसं होती, इसवी सन १९६ पासूनच्या दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्या दर दहांतली सात तापाने. त्या दुःखातून त्यांनी जुने ग्रंथ आणि उपाय गोळा केले. पुढे तो ग्रंथही विस्कळीत झाला. तिसऱ्या शतकात वांग शूह यांनी तो पुन्हा जुळवला, आणि १०६५ साली सोंग राजवटीच्या सरकारी कचेरीने तो तपासून छापला. आपल्याकडे भोज राजाचा काळ नुकताच सरला होता, तेव्हा तिकडे सरकार वैद्यकाची पुस्तकं छापत होतं! असो.

त्यांनी दिलेली कृती अगदी स्वयंपाकाच्या पुस्तकातल्यासारखी आहे. शिगाओ एक जिन, म्हणजे त्या काळच्या मापाने पाव किलोच्या आसपास, फोडून घ्यायचा. झिमू सहा लियांग, भाजलेला ज्येष्ठमध दोन लियांग, तांदूळ सहा मापं. सुमारे दोन लिटर पाण्यात हे सगळं उकळायचं. किती वेळ? तर तांदूळ शिजेपर्यंत. घड्याळ नव्हतं, पण भात शिजला हे कुणालाही कळतं. मग गाळून, कोमट असताना एकेक वाटी, दिवसातून तीनदा. म्हणजे जवळजवळ आपली पेजच, खाली दगड ठेवून केलेली. जिप्सम पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाव किलोपैकी बहुतेक सगळा भांड्याच्या तळाशीच राहत असणार. मग गुण कशाचा येतो, यावर आजच्या संशोधकांचं एकमत नाही.

मला मात्र कृतीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. हा काढा कुणाला द्यायचा याबरोबरच कुणाला द्यायचा नाही, याची या लोकांनी फार काळजी घेतली आहे. नंतरच्या वैद्यांनी चार खुणा ठरवल्या : मोठा ताप, मोठा घाम, मोठी तहान आणि पुरासारखी उसळणारी नाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीला वू जूतोंग यांनी उलट बाजूने लिहिलं. घाम नसेल तर देऊ नका. तहान नसेल तर देऊ नका. नाडी खोल गेली असेल तर देऊ नका, तारेसारखी बारीक असेल तर देऊ नका. म्हणजे नुसतं अंग तापलंय, एवढं या काढ्याला कधीच पुरेसं नव्हतं. त्यांच्या लेखी उष्णता एक नव्हती, अनेक होत्या. वरवरची वेगळी, खोल गेलेली वेगळी, दमटपणा मिसळलेली वेगळी, आणि खोटी उष्णता म्हणूनही एक प्रकार, जिच्यात अंग तापतं पण आतून माणूस गार पडत चाललेला असतो. तिथे पांढरा वाघ सोडला तर माणूस जातो.

हे वू जूतोंग वैद्यकाकडे का वळले? तरुणपणी वडील आजारपणात गेले आणि आपल्याला काहीच करता आलं नाही, ही टोचणी लागली म्हणून. काही वर्षांनी पुतण्याही तापानेच गेला. झांग झोंगजिंगांचं कुळ मी वर सांगितलंच. तिसरे यू लिन. आन्हुई प्रांतातले हे गृहस्थ १७६४ साली परगावी असताना घरी वडिलांना साथीचा ताप आला, वैद्यांनी तो भलत्याच प्रकारचा ताप समजून औषध दिलं आणि वडील वारले. परत आल्यावर यू लिन यांनी वैद्यांनी दिलेली औषधं पाहिली आणि पुढची तीस वर्षं त्याच एका प्रश्नात घालवली. चिनी तापवैद्यकाची अर्धी पुस्तकं अशी घरातल्या मृत्यूनंतर लिहिलेली दिसतात.

यू लिन यांची परीक्षा झाली १७९३ च्या उन्हाळ्यात, पेकिंगमध्ये. मोठी साथ आली होती. त्या साथीचा साक्षीदारही साधासुधा नव्हता. जी युन हे सम्राट छियेनलोंगच्या दरबारातले मोठे विद्वान, सम्राटाच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाचे मुख्य संपादक. म्हातारपणी त्यांनी ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींची टिपणं लिहिली. बरीचशी भुताखेतांची आहेत, पण मध्येच ही साथही येते. ते सांगतात, की एका जुन्या आचार्यांच्या पद्धतीने अंगात ऊब भरणारी औषधं दिली ते रोगी बहुतेक दगावले, दुसऱ्या एका प्रसिद्ध पद्धतीचाही गुण येईना. एका अधिकाऱ्याच्या घरातली बाई अगदी शेवटच्या श्वासावर होती. आन्हुईच्या या वैद्याने तिला शिगाओचा भला मोठा डोस दिला आणि ती उठली. मग लोक त्याच्या मागे लागले. एकेका वेळी आठ लियांग, म्हणजे जवळजवळ ३०० ग्रॅम दगड काढ्यात पडे, आणि एकाने तर एकूण चार जिन घेतला. आजच्या हिशोबाने दोन किलोच्याही वर.

पण पुढे त्या म्हाताऱ्या संपादकाने जे नोंदवलं आहे, ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. त्यांचं म्हणणं असं, की हे त्या वर्षीच्या हवामानाला आणि ग्रहमानाला जुळलं म्हणून चाललं, याचा कायमचा नियम करू नये. ग्रहमान सोडून द्या. पण गुण डोळ्यांनी पाहिल्यावरही ‘याचा नियम करू नका’ म्हणणारा माणूस इतिहासात विरळाच भेटतो.

विसाव्या शतकात मामला अवघड झाला, कारण समोर पाश्चात्य वैद्यक उभं ठाकलं. काही वैद्यांनी तोंड फिरवलं, काहींनी आपलंच शास्त्र सोडून दिलं. झांग शीचुन (१८६०–१९३३) यांनी मात्र गमतीदार वाट काढली. ते शिगाओचे एवढे भक्त, की कच्चा शिगाओ हे साक्षात अमृत आणि भाजलेला पोटात देणं म्हणजे विष, असं त्यांनी पानंच्या पानं लिहिलं. (आपल्या गोदंतीवाल्यांनी यावर रागावू नये, भाजण्याच्या रीती वेगळ्या.) आणि याच माणसाने चक्क ॲस्पिरिन आणि शिगाओ यांचा एकत्र उपाय बांधला. आधी साखरेच्या पाण्यातून एक ग्रॅम ॲस्पिरिन घ्यायची, घाम सुटायला लागला की वरून शिगाओच्या काढ्याचे घोट. एकाने वरची उष्णता घामावाटे काढायची, दुसऱ्याने आतली शमवायची. आमच्या गावातले म्हातारे ‘ॲनासिन’ची गोळी घेऊन वर तुळशीचा काढा प्यायचे, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की शीचुन यांनी का, किती आणि कशानंतर, हे लिहून ठेवलं.

सगळे मात्र एवढे सलोख्याचे नव्हते. १९२९ साली तिथल्या राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीपुढे जुनं वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करावं असा ठराव आला. तो मांडणारे यू युनश्यू जपानमध्ये शिकलेले डॉक्टर होते. १७ मार्चला शांघायमध्ये देशभरचे वैद्य जमले, दुकानं बंद राहिली, शिष्टमंडळ राजधानी नानजिंगला गेलं आणि ठराव बारगळला. १९४९ नंतर नव्या राजवटीतही सुरुवातीला वैद्यांवर परीक्षा आणि निर्बंध आलेच. मग १९५४ च्या सुमारास वारं एकदम फिरलं. माओंच्या इशाऱ्यावरून आरोग्य मंत्रालयातल्या उपमंत्र्यांवरच टीका सुरू झाली, की तुम्ही आपल्या देशाच्या वारशाला तुच्छ लेखता.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून आता शिजियाझुआंगला यायचं.

१९५४ च्या उन्हाळ्यात तिथे खूप पाऊस झाला आणि मागोमाग मेंदूज्वराची साथ आली. आपण ज्याला जपानी मेंदूज्वर म्हणतो तोच. त्याचा विषाणू १९३५ साली जपानमध्ये वेगळा करण्यात आला होता. डुकरं आणि बगळ्यांसारखे पक्षी यांच्यात तो राहतो आणि भाताच्या बांधीत वाढणारे डास तो माणसाच्या मुलांपर्यंत आणतात. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण ज्याच्या मेंदूपर्यंत तो पोचतो, त्याला प्रचंड ताप, डोकेदुखी, झटके, बेशुद्धी. अशा आजाऱ्यांतले शेकडा वीस ते तीस दगावतात आणि वाचलेल्यांतही बऱ्याच मुलांचं बोलणं, चालणं, समजणं कायमचं बिघडतं. त्यावर नेमकं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, श्वास चालू ठेवायचा आणि वाट पाहायची.

तिथल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात ग्वो केमिंग या वैद्यांच्या गटाला काम देण्यात आलं. त्यांनी ठरवलं, की हा खोल गेलेल्या उष्णतेचा ताप आहे. बाहेर काढला पांढरा वाघ, आणि जोडीला यू लिन यांचा १७९३ चा काढा. शिगाओचे मोठे डोस. निकाल चकित करणारा लागला. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण वाचले असं जाहीर झालं. १९५५ मध्ये पेकिंगहून मंत्रालयाची पथकं तपासायला आली, त्यांनी मान डोलावली. त्या वर्षी १९ डिसेंबरला राजधानीत चिनी वैद्यकाच्या संशोधन संस्थेचं उद्‌घाटन झालं, त्या समारंभात या गटाचा गौरव करण्यात आला. दोन हजार वर्षांचा काढा, गरीब देश, हतबल झालेलं आधुनिक वैद्यक आणि भाताच्या पेजेतून उतरलेला दगड. गोष्ट म्हणून यापेक्षा चांगली कुठली हवी?

इतिहासाचा शिक्षक म्हणून मात्र माझी लाल पेन्सिल इथे थांबते. रुग्ण शेकड्यांनी नव्हते, हजारांनी तर नव्हतेच. शेजारच्या खाटांवर काढा न घेणाऱ्यांचा तितकाच मोठा, तितकाच आजारी गट ठेवून तुलना झालेली नव्हती. कोण किती आजारी असताना दाखल झालं, त्यांना ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शनं दिली की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. आणि ‘वारशाला तुच्छ लेखू नका’ असं वरून बजावलं जात असताना तपासणी पथकातला कोणता माणूस ‘आणखी पुरावा हवा’ म्हणणार होता? ग्वो केमिंग खोटं बोलले असं मी बिलकूल म्हणत नाही. त्यांनी मुलं वाचताना पाहिली. जी युन यांनीही पाहिली होती. फक्त जी युन यांच्या वेळी ‘नियम करू नका’ म्हणायची मोकळीक होती.

आणि लगेच पुढच्याच वर्षी ते खरंही ठरलं! १९५६ साली पेकिंगमध्ये तोच मेंदूज्वर आला. शिजियाझुआंगचा विजयी काढा मोठ्या विश्वासाने देण्यात आला, पण पहिल्यासारखा गुण येईना. तेव्हा सिच्वानहून आलेले बुजुर्ग वैद्य पू फूझोऊ पुढे आले. त्यांनी सांगितलं, की यंदा राजधानीत पाऊस फार झाला आहे, हवा दमट आहे, या तापात उष्णतेबरोबर ओलही मिसळली आहे. नुसता वाघ सोडलात तर ओल अधिकच गोठून बसेल. त्यांनी ओल काढणाऱ्या सुगंधी औषधी मिसळल्या, कुठे काढाच बदलला, आणि मग गुण येऊ लागला असं चिनी वैद्य अभिमानाने सांगतात. त्यांच्या दृष्टीने ही आपल्या शास्त्राच्या बारकाव्याची गोष्ट. शंकेखोर माणूस म्हणेल, चाललं तर काढ्यामुळे आणि नाही चाललं तर पावसामुळे, मग काढा हरणार कधी? मला दोघांचंही पटतं. पण पू फूझोऊ यांची एक गोष्ट मी मानतो. सरकारी बक्षीस मिळालेला काढा चालत नाही, हे त्यांनी रोग्याकडे पाहून, वर्षभराच्या आत, उघडपणे सांगितलं.

आता माझी गोष्ट.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात शिकवत होतो. तळी आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. पावसाळा सरत आला होता. सातवीतला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर तालुक्याला, वाटेत नाल्याला पाणी. गावात शिकलेला माणूस म्हणजे गुरुजी.

“गुरुजी, पोराच्या आंगात लय ताप हाये. डोक्शात दुखते म्हणते.”

मी हातातला खडू खाली न ठेवता म्हणालो, “ऊन-पावसाचे दिवस आहेत बाई, उष्णता झाली असेल. ज्येष्ठमधाचा काढा द्या, वर पेज द्या. उतरेल उद्यापर्यंत.”

ती ‘बरं गुरुजी’ म्हणून गेली. उलटी झाली का, मान आखडली आहे का, हाक मारली तर ओ देतो का, यातलं काही मी विचारलं नाही. मला ठाऊकच नव्हतं की विचारायचं असतं. त्या रात्री मुलाला झटके आले. सकाळी त्याला बैलगाडीत घालून, नाला उतरायची वाट पाहून तालुक्याला नेलं. कागदावर ‘मेंदूज्वर’ लिहिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. कुठला मेंदूज्वर, हे तपासायची सोय तेव्हा तिथे नव्हती. आमच्याच भागात, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला दुसरा एक विषाणूही मुलांना असाच ताप आणतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तो एक दिवस वाया गेला नसता तर तो वाचला असता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. ज्यावर औषध नाही त्या रोगात एका दिवसाने काय होतं, असं एका डॉक्टर मित्राने मला समजावलंही. पण झटके रुग्णालयात थांबवता येतात, गाडीत येत नाहीत.

त्या आईने मला कधी बोल लावला नाही. आठ दिवसांनी ती पुस्तकपेढीची पुस्तकं परत करायला आली. सगळी कव्हरं घातलेली. मी यादीत त्याच्या नावापुढे ‘जमा’ लिहिलं.

म्हणूनच पांढऱ्या वाघाबद्दल वाचताना त्या ‘देऊ नका’च्या यादीपाशी मी इतका वेळ थांबलो. घाम आहे का, तहान आहे का, नाडी कशी आहे. मला नाडी कळत नाही. पण त्या जुन्या वैद्यांनी उष्णता म्हणण्याआधी चार प्रश्न विचारले असते. मी एकही विचारला नाही.

शिजियाझुआंगच्या लढाईचा शेवट शेवटी काढ्याने झाला नाही, लसीने झाला. चीनमध्येच तयार झालेली, विषाणूचा जोर कमी करून बनवलेली लस १९८८ पासून तिथे मुलांना मिळू लागली आणि रोग उतरणीला लागला. आपल्याकडे २००५ साली गोरखपूरच्या बाजूला हजाराहून अधिक माणसं, त्यातली बहुतेक मुलं, या तापाने गेली, तेव्हा कुठे सरकार हललं. २००६ पासून भारतात साथीच्या जिल्ह्यांत लसीकरण सुरू झालं ते याच लसीने. चेंगडूहून मागवलेली. मागाहून ते विदर्भातही आलं. काढा मात्र चीनमधून गेलेला नाही. २०२० साली करोनावर तिथल्या सरकारने एकवीस औषधींचा एक काढा सुचवला, त्यात कच्चा शिगाओ १५ ते ३० ग्रॅम, आणि जमल्यास वरून अर्धा वाडगा भाताचं पाणी प्यावं अशी सूचना. ती वाचताना झांग झोंगजिंगांची पेज आठवल्याशिवाय राहिली नाही. त्या काढ्याने किती काम केलं, यावर वाद चालूच आहे.

माझ्या निवृत्तीच्या सुमाराला आमच्या शाळेत लसीकरणाचं पथक आलं होतं. वर्गवार नावं मी फळ्यावर लिहिली होती, मुलं ओळीने उभी होती. थंड पेटीतून काढलेल्या डबीवर इंग्रजीत चेंगडू हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तेव्हा, त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. ओळीत एका लहान मुलीचा हात धरून तीच बाई उभी होती. आता आजी झालेली, केस पांढरे. मुलगी तिच्या धाकट्या लेकाची.

“गुरुजी, कायची सुई हाये हे?”

“मेंदूज्वराची,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. नातीची बाही तिने स्वतःच खांद्यापर्यंत वर केली आणि तिला पुढे सरकवलं.